चार नंबरची होडी

टॅनर तळं, मिसूरी
१२ जानेवारी १९९८

प्रिय वेंडल,

फोनवर तू ओरडतोस आणि मी रडते, म्हणून पत्र लिहितेय. पत्रात ओरडायचं तर निदान तिकीट चिकटवण्याची तसदी तरी पडेल तुला.

तुम्हा भावांची होडी हॉलिस गेल्यापासून मी झाकून ठेवली होती, ती काल उघडली. आत उंदरांनी संसार थाटलाय, बाकी ठीक आहे. उघडली कशासाठी, ते ऐक. डॉयल स्टबलफील्ड येऊन गेला. त्याच्या आमिषाच्या दुकानाबाहेर तुमच्या होडीची चार नंबरची पाटी अजून टांगलेली आहे. पण ऑक्टोबरातल्या जोडीनं मासे धरायच्या स्पर्धेचा नियम तुला माहीतच आहे. नंबर घराण्याचा. त्या घरची दोन माणसं दरवर्षी पाण्यात उतरली पाहिजेत आणि निदान एक जिवंत बास मासा वजनकाट्यावर आणला पाहिजे, नाहीतर नंबर रांगेतल्या पुढच्या घराला. गेल्या वर्षी हॉलिसच्या आजारपणामुळे डॉयलनं सूट दिली. "मॅव्हिस, दुसऱ्यांदा दिली तर लोक माझं दुकान तळ्यात ढकलतील," म्हणाला. त्याचंही चुकत नाही.

ट्रॅमेल आडनावाची माणसं उरलीत किती? इकडे मी, आणि तिकडे कॅन्ससच्या सपाटीवर लेकीकडे जाऊन बसलेला तू. तेव्हा ऑक्टोबरात तू यायचंस. तोवर मला शिकव. मला कॅटफिशसाठी कोंबडीची कलेजी लावून काठावर बसता येतं, पण तुमचं ते नाजूक काम येत नाही. पातळ दोरा, नखाएवढा गळ आणि दोन थोराड बाप्ये दिवसभर पाण्याकडे बघत गप्प. इतकी वर्षं मी त्याला आळस समजत होते.

ती पाटी हॉलिसनं स्वतः कोरलीय. दुसऱ्याच्या होडीवर ती बघायची माझ्यात ताकद नाही.

तुझी वहिनी,
मॅव्हिस


विचिटा, कॅन्सस
३० जानेवारी १९९८

वहिनीसाहेब,

तुमचा समज बरोबर होता. तो आळसच आहे, फक्त शिस्तीत केलेला.

येतो ऑक्टोबरात. आता धडा पहिला. कलेजी विसर. टॅनरचं पाणी इतकं निवळ आहे की माशाला तुझ्या टोपीचा रंग कळतो. जाड दोरा दिसला की तो पळत नाही, नातेवाइकांना बोलावून दाखवतो. म्हणून दोरा केसासारखा पातळ, शिसं मटाराच्या दाण्याएवढं, आणि रबरी किडा कात्रीनं कापून अर्धाच लावायचा. या दिवसांत मासा कड्याच्या पायथ्याशी खोलात थंडीनं आखडून पडलेला असतो. त्याच्या पुढ्यात किडा सोड आणि काहीच करू नकोस. काहीच म्हणजे काहीच. ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे. हॉलिसला ती शिकायला बारा वर्षं लागली, तुला जास्त लागतील कारण तुला गप्प बसता येत नाही.

सोबत गाठ मारून ठेवलेले काही गळ पाठवतोय. गाठ नीट बघून घे. दोरा दुहेरी करून नेढ्यातून ओवायचा, सैल गाठ, मग आख्खा गळ फासातून काढायचा आणि थुंकी लावून हळू आवळायचं. कोरडा आवळला की दोरा जळतो आणि ऐन वेळी दगा देतो.

आमची खास जागा कुठली ते विचारू नकोस. ती मी पत्रात लिहिणार नाही. तुमच्या पोस्टात डॉयलची मेहुणी बसते. ऑक्टोबरात आलो की होडीतून दाखवीन.

तुझा दीर,
वेंडल


टॅनर तळं
९ मार्च १९९८

प्रिय वेंडल,

तू लिहिलंस काहीच करू नकोस. मी केलं नाही.

रविवारी चर्चमधून आले आणि होडी कड्याखाली नेली. किडा सोडला. गळाची काठी होडीच्या कडेला टेकवून ठेवली, कारण धरून बसणं म्हणजे काहीतरी करणंच झालं, नाही का? सँडविचचा कागद सोडला आणि वर बघते तो काठी नाही. हॉलिसची काठी. माझ्या तोंडात घास तसाच राहिला. खाली वाकून बघितलं तर तळाच्या दगडावर तिची पांढरी मूठ दिसत होती, आणि ती मूठ चालत होती. सावकाश, एखादी बाई बाजाराला निघाल्यासारखी.

मग मी माझं जुनं सामान काढलं. कॅटफिशचा जाडजूड गळ, सुतळीसारखा दोरा. दुपार गेली, पण काठी ओढून वर काढली. तुझं नाजूक काम शेवटी माझ्या आडदांड गळानं वाचवलं, हे लिहून ठेव. काठी वर आली, तिच्या पाठोपाठ पातळ दोरा आला, आणि दोऱ्याच्या टोकाला बास अजून होता. माझा पहिला. तपकिरी, पोटाला सोनेरी झाक, आणि चेहऱ्यावर इतका वैताग की मी त्याची माफी मागून सोडून दिला.

हॉलिसला सांगावंसं वाटलं. मग घरी येऊन तुला लिहायला बसले.

मॅव्हिस


विचिटा
२ एप्रिल १९९८

प्रिय मॅव्हिस,

मी एवढा हसलो की ट्रीसा स्वयंपाकघरातून धावत आली. मी पत्र वाचून दाखवलं, मग तीही हसत बसली आणि बीन्स करपले.

हे पत्र छापील बघून घाबरू नकोस. ट्रीसानं घरात संगणक आणलाय. म्हणते, बाबा, काळाबरोबर चला. चालतोय, एका बोटानं.

धडा दुसरा. काठी हातात धरायची, हे लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. आता पाणी ऊबदार होतंय, मासा खोलातून उथळ खडीकडे सरकेल. तो ओढत नाही, नुसता किडा तोंडात घेऊन बघतो आणि आवडला नाही तर थुंकतो. म्हणून दोऱ्यावर नजर ठेव. दोरा पाण्यात शिरतो तिथे जरासा उडतो किंवा उगाच बाजूला सरकतो. हाताला कळायच्या आधी डोळ्यांना कळतं. सगळी विद्या तिथे आहे. कळलं की हिसका मारू नकोस, नुसती काठी उचल.

वेंडल


टॅनर तळं
१७ मे १९९८

श्रीमान वेंडल ट्रॅमेल यांस,

तुझं पत्र मी भीत भीत उघडलं. पाकिटावर नाव छापील, आत मजकूर छापील, खाली सहीसुद्धा छापील. मला वाटलं बँकेचं आहे. काळाबरोबर चाल, पण सही तरी स्वतःच्या हातानं करत जा बाबा.

दोरा बघायचं जमतंय. एप्रिलात बरेच मासे मिळाले आणि फक्त दोन दोरे तोडले. हिसका मारायची सवय जाता जात नाही, शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर पातेली उचलल्याचा परिणाम.

गेला आठवडा मात्र किडा टाकलाच नाही. आपल्या धक्क्याशेजारच्या खडीवर एका बासनं शेपटीनं झाडून ताटाएवढी जागा लख्ख केलीय. आई अंडी घालून कधीच निघून गेली, आता बाप राखण करतोय. छोटे सूर्यमासे अंडी चोरायला येतात, त्यांच्या अंगावर धावून जातो आणि परत येऊन बसतो. खात नाही, पीत नाही. हॉलिस मे महिन्यात गळ टाकायचा नाही. म्हणायचा, बाळंतिणीच्या खोलीत शिरू नये. मी रोज सकाळी कॉफी घेऊन धक्क्यावर बसते. काल तिथे पिल्लांचा काळा ढग दिसला आणि मला उगाचच खूप बरं वाटलं.

तुझ्या गळांचा पुडा संपत आलाय. अजून पाठव. गाठ मला येते, पण तुझी बघून मारली की माझी सुधारते.

मॅव्हिस


विचिटा
६ ऑगस्ट १९९८

प्रिय मॅव्हिस,

उशीर झाला. इथे उन्हाळा कडक आहे आणि ट्रीसाच्या घराच्या छपराचं काम निघालंय.

तुमच्याकडे मासा आता खाली, बुडालेल्या झाडांच्या शेंड्यांशी गेला असेल. पहाटेच जा, ऊन चढलं की घरी ये. गळ पाठवतोय.

आता महत्त्वाचं. ती जागा. पश्चिमेच्या मोठ्या कड्याच्या टोकाला वीज पडून चिरलेलं सीडरचं झाड आहे. त्याला पाठ करून पाण्याच्या टाकीच्या रोखानं ये. कड्याची सावली संपते तिथे खाली दगडी पायऱ्या आहेत. आपली शाळा, मॅव्हिस. धरणात गेली ती. पायऱ्यांच्या अंगाला बास वर्षभर असतो. मी आणि हॉलिसनं ही जागा कुणालाच सांगितली नव्हती.

ऑक्टोबरचं मात्र जमेलसं दिसत नाही. छपराचं काम लांबणार. डॉयलला सांग, चार नंबर दे कुणालातरी. शेवटी लाकडाची पाटीच ती. तू आपली तुझ्यापुरते मासे धरत राहा, तुला आता छान जमतंय.

वेंडल


टॅनर तळं
१ सप्टेंबर १९९८

वेंडल,

छप्पर. जुलैत ट्रीसा फोनवर म्हणाली की छप्पर दोन वर्षांपूर्वीच नवं घातलंय. थाप मारायची तर घरच्यांना तरी विश्वासात घ्यावं.

तुझं पत्र वाचून आधी मी चिडले. इतकी वर्षं तुम्ही दोघं माझ्या शाळेत जात होतात आणि मला सांगत होतात की लांब पूर्वेच्या खाडीत जातो. मग चिडणं थांबलं आणि भीती वाटायला लागली. मासे धरणारा माणूस आपली जागा कधी सांगतो? माझ्या बापानं त्याची जागा सांगितली ती मरायच्या आदल्या दिवशी. आणि तू तर ती पोस्टातून, डॉयलच्या मेहुणीच्या नाकाखालून पाठवलीस.

मग गळांचा पुडा उघडला. गाठी बघितल्या. त्या तुझ्या नाहीत. कोरड्या आवळलेल्या आहेत, बुटाच्या नाडीसारख्या. तू स्वतःच्या श्राद्धाच्या दिवशीसुद्धा कोरडी गाठ आवळणार नाहीस. ट्रीसानं मारल्यात ना? जुनी पत्रं काढून बसले. जानेवारीतलं अक्षर बघितलं. तेव्हाच ते पाण्यावर लिहिल्यासारखं होतं, मी म्हटलं थंडी असेल. त्यानंतर सगळं छापील.

एका वर्षात एक ट्रॅमेल पुरला मी. तुला काय झालंय ते सरळ लिही. मला कळायलाच हवं.

मॅव्हिस


विचिटा
१० सप्टेंबर १९९८

मॅव्हिस,

मरत नाहीये. शांत हो.

हात थरथरतो. उजवा जास्त, डावा त्याच्या संगतीनं बिघडतोय. डॉक्टर म्हणतात, हा आजार जीव घेत नाही आणि जातही नाही. कप भरून घेतला तर अर्धी कॉफी शर्टाला. गाठ मारता येत नाही. रिळाची मूठ सापडत नाही. मार्चमध्ये इथल्या एका तळ्यावर गेलो होतो. दोरा ओवायलाच बसलो आणि शेवटी सामान गोळा करून घरी आलो. त्या दिवसापासून काठी हातात घेतली नाही.

सगळं आयुष्य मी याच हातानं मिरवलो. त्या धक्क्यावर सगळं खोरं जमणार, डॉयल जमणार. तिथे हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेऊ? तुला शिकवत होतो तेव्हा वाटायचं मीच धरतोय मासे. तेवढं पुरे आहे मला. पाटीचं वाईट वाटतं, पण माझ्या हातानं तो नंबर राहायचा नाही.

वेंडल


टॅनर तळं
१५ सप्टेंबर १९९८

अरे गाढवा,

आता माझं ऐक. मला दोरा दिसत नाही.

एप्रिलपासून तुला थापा मारतेय. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. पाण्यावर ऊन पडलं की मला सगळी चांदी दिसते, त्यात तुझा केसासारखा दोरा कुठला? तू लिहिलंस सगळी विद्या डोळ्यांत आहे, आणि मला कबूल करायची लाज वाटली. मी दोरा बोटावर घेऊन बसते. मासा कळतो, पण उशिरा कळतो. दहांतले आठ थुंकून जातात. गाठ मात्र मी डोळे मिटून मारते, आणि ती तुझ्यापेक्षा चांगली असते.

सांगायचं हे, की आपण दोघांनी सहा महिने एकमेकांना फसवलं आणि दोघांच्यात मिळून एक धड माणूस होतो. आंधळ्या-पांगळ्याची जोडी म्हणतात ती हीच. तू डोळे घेऊन ये, हात मी आणते. लोक हसले तर हसू देत, या खोऱ्यातली निम्मी माणसं माझ्या हातचं खाऊन वाढलीत, मी त्यांना गप्प करीन.

मला तो नंबर हवाय, वेंडल. आणि त्याहून जास्त, होडीत समोर कुणीतरी ट्रॅमेल बसलेला हवाय. स्पर्धेआधीच्या शुक्रवारची बस कुठली ते कळव.

मॅव्हिस


विचिटा
२२ सप्टेंबर १९९८

मॅव्हिस,

९ ऑक्टोबरची. दुपारी पोचते. मक्याचा ब्रेड करून ठेव, आणि कॉफी अर्धाच कप.

वेंडल


टॅनर तळं
२७ ऑक्टोबर १९९८

प्रिय वेंडल,

ट्रीसाचा फोन आला होता. तू तिला सांगितलंस म्हणे, "दिवस अवघड होता, पण अनुभवाच्या जोरावर निभावलं." अनुभव! खरं काय घडलं ते लिहून पाठवते. तिला मोठ्यानं वाचून दाखव आणि अडचणीच्या जागी खोकू नकोस.

दिवस असा की वाऱ्याचं नाव नाही, आभाळ निळंभोर, पाणी काचेचं. माशांना आपण दिसणार आणि आपल्याला मासे, म्हणजे कुणालाच काही मिळणार नाही. आपण शाळेवर जाऊन थांबलो. तू वाकून बघत होतास आणि मला सांगत होतास.

"पायऱ्या दिसतायत. तिसरीवर तू पडली होतीस."

"ढकललं तूच होतंस. मासा बघ."

"एक मोठा येतोय. आला. किड्याचा वास घेतोय. गेला."

"का गेला?"

"शाळेतली पोरं तुझी पालकाची भाजी बघून जायची तसा गेला."

सकाळभर हेच. दुपारी पिवळी पानं पाण्यावर उतरली आणि माझा दोरा त्यांत गुंतून तुटला. बाकीच्या होड्या परत फिरायला लागल्या होत्या. हाक मारून विचारलं तर बहुतेकांच्या मासे ठेवायच्या टाक्या रिकाम्या. मी माझ्या काठीला नवा गळ बांधायला घेतला आणि दुसरी, हॉलिसची काठी किडा पाण्यात सोडून तुझ्यापुढे केली.

"धर जरा."

"मी काठी धरत नसतो, ठरलंय आपलं."

"धर, नाहीतर दातांत धरावी लागेल मला. ते आता माझे नाहीत."

तू धरलीस. गुडघ्यावर ठेवलीस, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. दोरा सैल, किडा खाली पायरीवर पडलेला, आणि तुझा हात थरथरत होता. काठीचं टोक थरथरत होतं. मला ते ऐकू येत होतं, होडीच्या लाकडावर बारीक टिकटिक. मी थुंकी लावून गाठ आवळत होते, तेवढ्यात तू हाक मारलीस.

"मॅव्हिस. दोरा सरकतोय."

"मग उचल काठी."

"उचलली. लागलाय. मला रीळ फिरवता येत नाही."

मी तशीच गुडघ्यांवर रांगत आले आणि रिळाची मूठ धरली. हे तिला सांगितलं नाहीस ना? काठी तुझ्या हातात, रीळ माझ्या हातात. तू डोळे, मी मनगट. "फिरव. थांब. सोड, सोड, जाऊ दे त्याला. आता घे." जन्मात मी कुणाचं इतकं ऐकलं नव्हतं. दोन म्हातारी माणसं एका काठीला लोंबकळतायत आणि होडी गोल फिरतेय. जाळीत घेतला तेव्हा तू माझा खांदा धरलास. तो हात थरथरत होता तो आजारानं की कशानं, ते मी विचारलं नाही.

काट्यावर डॉयलनं विचारलं, "पकडला कुणी?" मी म्हटलं यानं, तू म्हणालास हिनं. त्यानं नियमांचा कागद खालवर वाचला. म्हणाला, "एक मासा दोघांनी पकडू नये असं कुठे लिहिलेलं नाही. कुणाला सुचलंच नव्हतं." आपण पाचवे आलो. पण पाटी जागेवर राहिली. ती तिथेच टांगलेली बघताना तू रडलास. तेवढं मला दिसतं.

आणि मग तुझा तो आगाऊपणा. डॉयलनं हळूच विचारलं, किडा हलवलास कसा, तर म्हणालास, "मनगट सैल सोडायचं. जमायला वय लागतं." आता तो बिचारा रोज धक्क्यावर बसून हात हलवत असतो. काल त्याची बायको माझ्याकडे आली होती, तुझ्या डॉक्टरांचं नाव विचारायला.

माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. तुझ्यामुळे कबूल केलं. होडी धुऊन झाकून ठेवलीय, उंदरांना नोटीस दिलीय. घर मात्र तू गेल्यापासून फार शांत आहे आणि मला ते आवडत नाही.

मॅव्हिस


विचिटा
८ डिसेंबर १९९८

प्रिय मॅव्हिस,

हे हातानं लिहितोय. ट्रीसा म्हणाली मी लिहिते, मी म्हटलं कागदाला हात लावू नकोस. डोळ्यांवरची पट्टी निघाली की वाच, घाई नाही. मलाही लिहायला घाई करता येत नाही.

नाताळला इकडे ये. परत जाताना मी तुझ्याबरोबर येतो, आणि या वेळी परतीचं तिकीट काढणार नाही. कड्याखालचा मासा थंडीनं आखडला असेल. गाठी तू मार, काठी मी धरतो.

अक्षर सगळं थरथरलंय. पण तुला माहीत आहे, असंच थरथरलं की गळाला लागतं कुणीतरी. खाली सही केलीय. बँकेची वाटते का सांग.

वेंडल